दाखल कोण, खारीज कोण? ‘ख्वारिज’ या शब्दामागची चौदाशे वर्षं

शाळेच्या कचेरीत एक जाडजूड वही असते, दाखल-खारीज रजिस्टर. मूल शाळेत आलं की दाखल, शाळा सोडून गेलं की खारीज. कोर्टात अर्ज खारीज होतो, तोही हाच शब्द. तो अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि त्याच्या मुळाशी ‘बाहेर पडणं’ हा अर्थ आहे. त्याच मुळापासून अरबीत एक अनेकवचनी नाव तयार झालं : ख्वारिज, म्हणजे बाहेर पडलेले. त्यातला एक तो खारिजी.

जुलै 2024 मध्ये पाकिस्तान सरकारनं आपल्या सगळ्या खात्यांना कळवलं की ‘तहरीक-ए-तालिबान पाकिस्तान’ या संघटनेला यापुढे ‘फितना-अल-ख्वारिज’ म्हणायचं. फितना म्हणजे समाजात दुही माजवणारं बंड. तेव्हापासून पाकिस्तानी लष्कराच्या निवेदनांत ‘इतके ख्वारिज ठार’ असं छापून येतं, आणि आपल्याकडच्या बातम्यांतही तो शब्द तसाच उतरतो. वाचणाऱ्याला वाटतं, ही आणखी एक नवी संघटना असावी. प्रत्यक्षात हा इस्लामच्या इतिहासातला सर्वांत जुन्या फुटीरांचा शब्द आहे. त्याची गोष्ट कळली की आजच्या अतिरेकी संघटनांचं एक वागणं उलगडतं : या संघटनांनी मारलेल्या माणसांत इतके मुसलमान का असतात?

भांडण कशावरून झालं

प्रेषित मुहम्मद 632 मध्ये वारले. त्यांच्यानंतर समाजाचं नेतृत्व करणाऱ्याला खलिफा म्हणू लागले. तिसरे खलिफा उस्मान यांनी मोठमोठ्या जागांवर आपलेच नातेवाईक बसवले, असा लोकांचा राग होता. 656 मध्ये इजिप्त आणि इराकमधून आलेल्या बंडखोरांनी मदिनेत त्यांच्या घरात घुसून त्यांचा खून केला. त्यानंतर अली खलिफा झाले. ते प्रेषितांचे चुलतभाऊ आणि जावई.

सीरियाचा सुभा मुआविया यांच्याकडे होता. ते उस्मान यांच्या कुळातले. आधी खुन्यांना शिक्षा करा, मग तुमचं खलिफापद मानतो, असा त्यांचा पवित्रा. अलींचं म्हणणं असं की आधी सगळ्यांनी एका नेतृत्वाखाली या, मग न्याय करता येईल. दोन्ही बाजूंनी मुसलमान, दोन्हीकडे प्रेषितांना पाहिलेली माणसं. 657 च्या उन्हाळ्यात सीरियात फुरात नदीकाठी सिफ्फीन इथे या दोन सेना भिडल्या. आजचं रक्का शहर तिथून जवळच आहे. हे नाव पुढे परत येणार आहे.

भाल्यांवरची पानं

लढाई चिघळली, माणसं पडत गेली. तेव्हा मुआवियांच्या सैनिकांनी भाल्यांच्या टोकांना कुराणाची पानं बांधून उंच धरली. अर्थ उघड होता : तलवार थांबवा, देवाच्या ग्रंथाकडून निवाडा घेऊ. अलींच्या गोटातल्या पुष्कळांनी लढायचं थांबवलं आणि अलींना तडजोड मान्य करावी लागली. दोन्ही बाजूंनी एकेक पंच नेमायचा ठरला.

आणि मग अलींच्याच सैन्यातला एक गट उखडला. त्यांचं म्हणणं असं : कुराणात स्पष्ट सांगितलंय की मुसलमानांच्या दोन गटांत जो अन्याय करतो, तो देवाच्या आज्ञेकडे परतेपर्यंत त्याच्याशी लढा. देवानं निकाल दिलेला असताना माणसं पंच म्हणून बसवणारे तुम्ही कोण? त्यांची घोषणा होती ‘ला हुक्म इल्ला लिल्लाह’. यातला हुक्म म्हणजे आपला हुकूम. हाकीम आणि हुकूमतही त्याच घरातले. निवाडा फक्त देवाचा, असा तिचा अर्थ. तडजोड मान्य करून अली पापी ठरले, आणि एवढं मोठं पाप करणारा धर्मातच राहत नाही, इथपर्यंत ते गेले. छावणी सोडून ते कूफा शहराजवळ हरूरा या गावी जाऊन बसले. हेच पहिले ख्वारिज. ते स्वतःला ‘शुरात’ म्हणवत, म्हणजे ज्यांनी आपला जीव देवाला विकून टाकला आहे असे.

सातबारा स्वतः बोलत नाही

या घोषणेचं आकर्षण समजून घ्यायला हवं. नाहीतर आपण त्यांना नुसते माथेफिरू ठरवून मोकळे होऊ. दोन भावांत बांधावरून भांडण आहे, आणि एक भाऊ म्हणतोय की पंच नको, तलाठी नको, सातबाऱ्यावर काय लिहिलंय ते बघा आणि संपवा. ऐकायला किती सरळ वाटतं! पण सातबारा टेबलावर ठेवला की तो आपणहून बोलत नाही. तो वाचावा लागतो, जुने फेरफार लावावे लागतात, शेतात साखळी धरून मोजणी करावी लागते. हे सगळं माणूस करतो. ‘फक्त कागद बोलेल’ म्हणणारा खरं तर ‘मी वाचतो तसाच कागद’ असं म्हणत असतो, आणि बहुतेक वेळा हे त्याच्या स्वतःच्याही लक्षात आलेलं नसतं.

अलींनी नेमकं हेच सांगितल्याचं परंपरेत नोंदलेलं आहे. कुराण म्हणजे दोन पुठ्ठ्यांमधल्या ओळी. त्या बोलत नाहीत, त्यांच्या वतीनं माणसं बोलतात. त्या घोषणेबद्दल त्यांचं दुसरं वाक्य आणखी प्रसिद्ध आहे : शब्द खरा आहे, पण त्यातून साधायचंय ते खोटं आहे.

अलींनी आपले नातलग इब्न अब्बास यांना हरूराला बोलणी करायला पाठवलं, ती हकिकत मला फार मोलाची वाटते. इब्न अब्बास यांनी कुराणातूनच उत्तर दिलं. नवराबायकोचं भांडण विकोपाला गेलं तर दोन्ही घरांतून एकेक पंच नेमा, असं कुराण स्वतः सांगतं. हजयात्रेत कुणी शिकार केली तर भरपाई किती, हेही दोन न्यायी माणसांनी ठरवायचं असतं. संसारासाठी आणि एका हरणासाठी पंच चालतात, मग हजारो माणसांचं रक्त थांबवायला का नाही? हे ऐकून बरेच जण परत आले.

खजूर, डुक्कर आणि एक खून

जे परतले नाहीत ते नहरवानला जमले, आजच्या बगदादच्या बाजूला. वाटेत त्यांना अब्दुल्लाह इब्न खब्बाब भेटले, प्रेषितांच्या एका जुन्या सोबत्याचे चिरंजीव. सोबत त्यांची गरोदर पत्नी. जुन्या इतिहासकारांनी हा प्रसंग बारकाईनं लिहून ठेवला आहे. गटातल्या एकानं झाडाखाली पडलेला खजूर तोंडात टाकला. मालकाला न विचारता, पैसे न देता खाल्लास म्हणून दुसऱ्यानं त्याला तो थुंकायला लावला. एकानं दुसऱ्या धर्माच्या माणसाचं डुक्कर मारलं. ते चूक ठरलं आणि मालकाची समजूत काढण्यात आली. मग अब्दुल्लाह यांना विचारलं, अलींबद्दल तुझं मत काय? उत्तर मनासारखं आलं नाही. गटातल्या लोकांनी अब्दुल्लाह यांना मारलं आणि त्यांच्या पत्नीलाही मारलं.

ही हकिकत लिहिणारे ख्वारिजांचे विरोधक होते, हे ध्यानात ठेवायला हवं. ख्वारिजांनी स्वतः लिहिलेलं फार थोडं उरलंय. तरी खजुराचा धाक आणि माणसाचा खून एकाच सकाळी, हे चित्र चौदाशे वर्षं मुसलमानांच्या मनात घर करून राहिलं. कारण हे धर्म विसरलेले लोक नव्हते. रात्ररात्र नमाज पढणारे, कपाळाला घट्टे पडलेले लोक होते ते.

658 मध्ये नहरवानला अलींनी त्यांचा पराभव केला आणि बहुतेक जण मारले गेले. जानेवारी 661 मध्ये कूफाच्या मशिदीत इब्न मुल्जम नावाच्या खारिज्यानं विषारी तलवारीनं अलींवर वार केला. दोन दिवसांनी अली गेले.

तकफीर : वाळीत टाकण्याच्या पुढची पायरी

इथे एकच पारिभाषिक शब्द लागणार आहे. ‘काफिर’ मराठीत ठाऊक आहे. स्वतःला मुसलमान म्हणवणाऱ्या माणसाला काफिर ठरवणं म्हणजे तकफीर.

महाराष्ट्रात वाळीत टाकण्याची प्रथा आपण पाहिली आहे. तिच्याविरुद्ध 2016 मध्ये कायदा करावा लागला. जातपंचायत माणसाचं पाणी, लग्न, मयत तोडते. तकफीर याच जातीची गोष्ट आहे, पण तिच्या टोकाला जीव घेण्याचा परवाना असतो. जुन्या धर्मशास्त्रात धर्म सोडणाऱ्याला देहदंड सांगितला असल्यानं ‘तू मुसलमान नाहीस’ एवढं म्हटलं की पुढचं आपोआप येतं. म्हणूनच बहुसंख्य धर्मपंडितांनी या शब्दाभोवती कुंपणं घातली. मोठं पाप करणारा पापी असतो, धर्माबाहेर नसतो; त्याचा शेवटचा हिशोब देवाकडे. ख्वारिजांना उत्तर देतानाच ही भूमिका घट्ट होत गेली.

ख्वारिजांमधल्या सर्वांत जहाल गटाला अझारिका म्हणतात, नाफी इब्न अझरक या पुढाऱ्याच्या नावावरून. 685 च्या सुमारास इराक-इराणच्या सीमेवर हा गट लढत होता. जो आमच्याकडे स्थलांतर करून येत नाही तो काफिर, असं त्यांनी ठरवलं. मनानं खारिजी पण घरी बसलेला, तोही काफिर. यावरून ख्वारिजांमध्येच फूट पडली. एका गटातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. खारीज करण्याची वही एकदा हाती घेतली की पानं संपत नाहीत.

त्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. खलिफा प्रेषितांच्या कुरैश कुळातलाच हवा, हा त्या काळचा दंडक त्यांनी मानला नाही. सदाचारी असेल तर हबशी गुलामही खलिफा होऊ शकतो, असं ते म्हणत. उत्तर आफ्रिकेत अरब अंमलदारांना कंटाळलेल्या बर्बर लोकांनी 740 च्या सुमारास मोठा उठाव केला, तो याच विचाराच्या आधारावर. शबीब या खारिजी सरदाराची पत्नी गझाला स्वतः लढाईत उतरली होती. दडपलेल्यांना या विचारात न्याय दिसत होता, म्हणूनच तो इतका टिकला.

ओमानचा अनुभव

मस्कतला नोकरीनिमित्त राहिलेली मराठी माणसं आपल्यात आहेत. तिथल्या शांत, अगत्यशील समाजात त्यांनी इबादी मुसलमान पाहिले असतील. या इबादी पंथाची मुळं त्याच सातव्या शतकातल्या वादात आहेत. बसऱ्यातल्या ज्या मंडळींना अझारिकांचा रक्तपात पटला नाही, त्यांच्यातून तो वाढला. स्वतःला खारिजी म्हटलेलं इबादींना आवडत नाही, आणि ते योग्यच आहे. इतर मुसलमान चुकले असतील तर ते देवाच्या कृपेशी कृतघ्न, पण धर्माबाहेर नाहीत, त्यांचा जीव आणि घरदार सुरक्षित, असं त्यांच्या विद्वानांनी ठरवलं. ओमानचं राजघराणं याच पंथाचं. मस्कतमध्ये जुनं शिवमंदिर आजही आहे. अल्जीरियातलं मझाब खोरं आणि ट्युनिशियातलं जेर्बा बेट इथेही इबादी आहेत.

म्हणजे एकाच भांडणातून दोन वाटा फुटल्या, आणि ‘परक्याचं काय करायचं’ या एका प्रश्नावर त्या वेगळ्या झाल्या. जुलै 2024 मध्ये मस्कतच्या एका शिया मशिदीवर गोळीबार झाला. त्यात एक भारतीयही गेला. जबाबदारी घेतली ती आयसिसनं.

हे शब्द विसाव्या शतकात परत कुठून आले?

या कड्या जोडताना सावध राहायला हवं. अझारिका आठव्या शतकाच्या उंबरठ्यावरच संपले. त्यांच्यापासून आजपर्यंत गुरुशिष्यांची सलग माळ नाही. परत आली ती विचार करण्याची रीत.

यातला एक धागा आपल्या मातीतून जातो. अबुल आला मौदूदी यांचा जन्म 1903 मध्ये औरंगाबादचा, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. 1941 मध्ये त्यांनी जमाते इस्लामी स्थापन केली. सार्वभौम सत्ता देवाची, माणसानं केलेल्या कायद्याची नव्हे, हा विचार त्यांनी आधुनिक राज्यशास्त्राच्या भाषेत मांडला. ‘हाकिमियत’ हा त्यांचा शब्द, हुकूमच्याच घरातला. मौदूदी स्वतः पक्ष काढून निवडणुकांच्या वाटेनं गेले. त्यांना खारिजी म्हणणं अन्यायाचं होईल. पण तो विचार अरबीत पोचला आणि इजिप्तच्या तुरुंगात छळ सोसणाऱ्या सय्यद कुत्ब यांनी त्याला धार लावली. आजचे मुसलमान समाजही प्रेषितपूर्व अज्ञानयुगात जगताहेत, असं ते लिहू लागले. 1966 मध्ये नासर सरकारनं त्यांना फाशी दिलं.

त्याच तुरुंगांतून शुक्री मुस्तफा नावाचा तरुण बाहेर पडला. आपल्या गटाबाहेरचा समाज काफिर, म्हणून त्यातून उठून जा, अशी त्याची शिकवण. इजिप्तच्या वर्तमानपत्रांनी या गटाचं नाव पाडलं ‘तकफीर व हिजरा’, म्हणजे काफिर ठरवणं आणि स्थलांतर. हे तर अझारिकांचं सूत्र जसंच्या तसं. 1977 मध्ये या गटानं एका माजी मंत्र्याचं, शेख जहबी यांचं, अपहरण करून त्यांचा खून केला. अल्जीरियात 1990 च्या दशकात ‘जीआयए’ ही संघटना सरकारला काफिर म्हणण्यापासून सुरू झाली आणि शेवटी अख्ख्या समाजाला काफिर म्हणू लागली. गावकऱ्यांच्या कत्तलींनी सामान्य लोक त्यांच्याविरुद्ध गेले.

जून 2014 मध्ये आयसिसनं खिलाफत जाहीर केली. त्याआधी महिनाभर कल्याणचे चार तरुण यात्रेच्या नावाखाली इराकला गेले होते. रक्का हे आयसिसचं मुख्य ठाणं झालं. सिफ्फीनच्या लढाईत अलींच्या बाजूनं पडलेले प्रेषितांचे वयोवृद्ध सोबती अम्मार इब्न यासिर यांची कबर रक्क्यात होती. 2014 मध्ये आयसिसनं तिथला दर्गा स्फोटानं उडवला.

“मग आयसिस म्हणजेच ख्वारिज का?”

पूर्णपणे नाही. जुन्या ख्वारिजांना खलिफाचं कूळ नको होतं; आयसिसचा स्वयंघोषित खलिफा बगदादी यानं आपल्या नावापुढे ‘कुरैशी’ लावलं. डुकराच्या मालकाची समजूत घालणाऱ्यांची ती रीत आयसिसनं पाळली नाही. ऑगस्ट 2014 मध्ये इराकच्या सिंजारमधल्या यझिदी या अल्पसंख्य समाजाच्या बायकामुलांना त्यांनी गुलाम केलं. आयसिसची शिकवण सलफी धाटणीची, म्हणजे पहिल्या तीन पिढ्यांचंच अनुकरण हवं असं मानणारी. तिच्यावर अठराव्या शतकातल्या अरबस्थानच्या मुहम्मद इब्न अब्दुल वहाब यांच्या चळवळीची छाप जास्त आहे. आणि आयसिस स्वतः ‘आम्ही ख्वारिज नाही’ असं ठासून सांगत होती.

साम्य आहे ते त्या वहीत. आयसिसमध्येच एक गट निघाला : जो अज्ञानी मुसलमानाला सवलत देतो तोही काफिर, आणि त्याला काफिर न म्हणणारा तोही. या साखळीत खुद्द बगदादी सापडायची वेळ आली, तेव्हा आयसिसनं आपल्यातल्याच या लोकांना अतिरेकी ठरवून मारलं.

“दोष ग्रंथातच आहे असं का म्हणू नये?”

हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारणारे असतात, त्यांना टाळू नये. कुराणात युद्धाची वचनं आहेत, आणि धर्मशास्त्रात धर्मत्यागाला देहदंड आहे. त्यावर मुसलमान विचारवंतांत खोल वाद चालू आहे. पण ‘ग्रंथात जे लिहिलंय तेवढंच, मधे माणसाचा अर्थ नको’ हा हट्ट ख्वारिजांचाच होता, आणि त्याला पहिलं उत्तर त्याच ग्रंथातून इब्न अब्बास यांनी दिलं. पुढची उत्तरंही आतूनच आली. 2004 मध्ये जॉर्डनच्या राजांनी अम्मान जाहीरनामा काढला. त्या प्रयत्नात सुन्नी, शिया आणि इबादी मिळून आठ विचारपरंपरांना मुसलमान मानून त्यांच्यावर तकफीर करायची नाही, असं जगभरच्या विद्वानांनी मान्य केलं. 2015 मध्ये भारतातल्या हजाराहून अधिक उलेमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, आयसिसविरुद्ध फतव्यावर सह्या केल्या. आयसिसनं सर्वांत जास्त रक्त सांडलं तेही मुसलमानांचंच.

सरकारनं हा शिक्का मारावा का?

‘ख्वारिज’ हा शब्द शस्त्रासारखा आहे. हदीसमध्ये, म्हणजे प्रेषितांच्या वचनांच्या संग्रहात, असे लोक येतील अशी ताकीद आहे : त्यांच्या नमाजापुढे तुमचा नमाज तोकडा वाटेल, पण शिकारीतून बाण आरपार निघून जावा तसे ते धर्मातून निघून जातील. त्यांच्याशी लढण्याचीही आज्ञा आहे. म्हणून कोणत्याही सत्तेला आपल्या विरोधकाला हे नाव देणं सोयीचं पडतं. खटला, पुरावा, राजकीय कारणं यांची चर्चाच मिटते. बॉम्ब फोडून शाळकरी मुलं मारणाऱ्यांबद्दल मला तिळभर सहानुभूती नाही. पण जे राज्य हे नाव वाटतंय त्याचा इतिहास पाहा. 1953 मध्ये लाहोरला अहमदिया पंथाच्या लोकांविरुद्ध दंगली झाल्या. न्यायमूर्ती मुनीर यांच्या चौकशी समितीनं मोठमोठ्या उलेमांना विचारलं, मुसलमान कोणाला म्हणायचं? समितीनं 1954 च्या अहवालात नोंदवलं की त्यांतल्या कोणत्याही दोघांची व्याख्या एकमेकांशी जुळली नाही. तरीही 1974 मध्ये पाकिस्तानच्या संसदेनं घटनादुरुस्ती करून अहमदियांना मुसलमानांतून वगळलं. खारीज करणारी वही सरकारी कपाटात आली.

याउलट डिसेंबर 2014 मध्ये काहिऱ्याच्या अल-अझहर विद्यापीठावर दबाव होता की आयसिसला काफिर जाहीर करा. अल-अझहरनं त्यांच्या कृत्यांचा कडक निषेध केला, पण ते म्हणायला नकार दिला. अनेकांना तो कचखाऊपणा वाटला. मला तसं वाटत नाही, कारण त्यामागे एक जुना आधार उभा होता.

ख्वारिज कूफाच्या मशिदीत भर सभेत अलींना घोषणा देऊन अडवत, तेव्हा अलींनी त्यांना तीन वचनं दिल्याची नोंद आहे. तुम्हाला मशिदीत यायला मज्जाव करणार नाही. आमच्यासोबत आहात तोवर युद्धात मिळालेल्या मालमत्तेतला तुमचा वाटा बंद करणार नाही. आणि तुम्ही हत्यार उचलल्याशिवाय आम्ही उचलणार नाही. पुढे नहरवानचं रण झालं. त्यानंतर कुणीतरी अलींना विचारलं, हे लोक अनेकेश्वरवादी होते का? ते म्हणाले, त्यापासूनच तर पळाले होते. मग ढोंगी होते का? ढोंगी देवाचं नाव फार थोडं घेतात. मग होते तरी कोण?

अली म्हणाले, आमचे भाऊ, आमच्यावर उलटलेले.